२१ दिवस कुणाशी बोलू नका म्हणे!

‘एकटेपणा ही कमजोरी, एकांत ही ताकद’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. सार एवढंच: हुशार माणसं एकटीच राहतात, एकाकी वाटणं हा मनाचा खेळ आहे, शरीराला त्यानं काही होत नाही, आणि उपाय म्हणजे २१ दिवस कुणाशीही बोलायचं नाही. असले मेसेज मी वाचतही नाही. पण हा माझ्या आत्यानं मनावर घेतला, म्हणून हा खटाटोप.

हुशारीचं आधी उरकते. त्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजानं मान्य. नॉर्मन ली आणि सातोशी कानाझावा यांच्या २०१६ च्या अभ्यासात, मित्रांना वरचेवर भेटणारे तरुण सहसा जास्त समाधानी दिसले. अतिशय बुद्धिमानांचं मात्र उलटं होतं. यावरून त्यांना फार भेटीगाठी मानवत नसाव्यात, एवढंच म्हणता येईल. कुणीच नसलं तरी चालतं, असं त्यातून निघत नाही. आणि माणसं तोडली म्हणून कुणी हुशार होत नाही, हेही सांगायला लागावं?

मेसेजात दाखला अमेरिकन लेखक थोरोचा: ‘थोरो दोन वर्षं रानात एकटा राहिला.’ राहिला, १८४५ ते १८४७. पण गाव चालत जाण्याइतकं जवळ होतं, तो तिथे सारखा जायचा आणि झोपडीत पाहुणेही यायचे. पुढे.

आता ते २१ दिवस. कैद्यांना कसं वागवावं याचे संयुक्त राष्ट्रांचे नियम आहेत, २०१५ पासून ते मंडेला नियम म्हणून ओळखले जातात. दिवसाचे २२ तास किंवा जास्त वेळ माणसाशी धड संपर्क येऊ न देणं, याला ते एकांतकोठडी म्हणतात. आणि ती सलग १५ दिवसांच्या वर द्यायला त्यात मनाई आहे. म्हणजे खुनाच्या कैद्यालाही जे देऊ नये असं जगानं ठरवलंय, ते हा मेसेज घरी बसलेल्या बाईला औषध म्हणून देतोय, वर सहा दिवस जास्तीचे!

‘मौन शिबिरात जातातच की लोक.’ जातात. स्वतःहून जातात, आजूबाजूला माणसं असतात, वेळेवर ताट मिळतं, अडलं तर विचारायला कुणी असतं आणि घरी कधी जायचं ते ठरलेलं असतं.

आत्याचे यजमान गेल्यापासून ती एकटी राहते. फोन लागेना म्हणून घरी गेले, तर तो सायलेंट करून कपाटात साड्यांखाली ठेवलेला. म्हणाली, “माझंच मन कच्चं गं. सवय करतेय.” याच बाईला पूर्वी दुपारी शब्दकोडं घेऊन एकटं बसायला इतकं आवडायचं, की कुणी बेल वाजवली तर कपाळाला आठी पडायची. खुर्ची तीच, कोडंही आहे. पण तेव्हा आडवा शब्द अडला की आतल्या खोलीकडे हाक जायची. आता चौकोन तसेच रिकामे राहतात. हा मनाचा कच्चेपणा कसा?

माणसं टाळून हे बरं होत नाही, चिघळतं. जॉन काचिओपो या मानसशास्त्रज्ञानं यावर आयुष्य घातलं. त्यांची मांडणी अशी, की फार काळ एकाकी राहिलेलं मन सावध होतं, कुणी उलट फोन केला नाही तरी त्यात नकार बघतं आणि दुखावलं जाण्याआधीच मागे सरतं. अशा माणसाला ‘आणखी मागे सर’ हा सल्ला!

शरीराला काही होत नाही, हे तर धादांत खोटं. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२५ चा अहवाल सांगतो, की जगात दर सहा माणसांमागे एक जण एकाकी आहे आणि वर्षाला सुमारे ८,७१,००० मृत्यूंशी एकाकीपणाचा संबंध आहे. त्यात हृदयविकार, पक्षाघात आणि मधुमेहाचा वाढलेला धोका आला.

याच मेसेजखाली कुणीतरी शहाणपणानं लिहिलंय, ‘त्यापेक्षा चार ग्रुपांत जा.’ तेही पुरं नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्येच दाखवलं, की जवळचं एक माणूस नसणं आणि ओळखीपाळखीचा गोतावळा नसणं ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. आत्याकडे गोतावळा भरपूर आहे. हा मेसेज तिला त्यातल्याच एकीनं पाठवला.