गुप्तदान करा, बँकेला करा

सगळ्यात आधी पासबुक भरून घेणं थांबवा. देव्हाऱ्याखालच्या खणात, गॅसच्या कार्डाशेजारी ते जसं पडलंय तसंच पडू द्या. उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये म्हणतात, आणि पासबुक हा फार चोंबडा डावा हात आहे. शाखेतल्या त्या खरखरणाऱ्या यंत्रात घातलं की सगळं ओकून टाकतं. 'एसएमएस चार्जेस १७.७०'. 'एटीएम चार्ज २७.१४'. 'मिन बॅल ५४७.५२', म्हणजे खात्यात किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड. दानाची अशी वाच्यता बरी नव्हे.

आकडे असे पैशापर्यंत अडनिडे का, हा प्रश्नही मनात आणू नका. १५ रुपयांवर १८ टक्के जीएसटी चढला की १७.७० होतात, २३ वर चढला की २७.१४. अशा कुठल्याही विचित्र आकड्याला १.१८ ने भागलं की आतलं मूळ शुल्क उघडं पडतं. तेव्हा भागाकार कटाक्षाने टाळा. दान देताना त्यावर करही भरायचा, असा योग इतर कुठल्या देवस्थानात येत नाही.

माझे एक काका या मार्गात फार पुढे गेलेले आहेत. निवृत्त मुख्याध्यापक, विषय गणित. त्यांच्या खात्यावर मासिक सरासरी शिल्लक दहा हजार हवी, अशी अट आहे. काका महिनाभर दोन हजार ठेवतात आणि तीस तारखेला पावणेचारला, काउंटर बंद व्हायच्या बेतात असताना, आठ हजारांची गड्डी घेऊन धापा टाकत पोचतात. कॅशियर तोंड वाकडं करून नोटा मोजून घेतो. "झाले दहा पूर्ण," असं म्हणून काका कोपऱ्यावर अर्धा कप चहा घेतात, आणि दुसऱ्याच दिवशी आठ हजार काढून आणतात.

आता बँकेचं गणित बघा, म्हणजे बघू नका. एकोणतीस दिवस दोन हजार आणि एक दिवस दहा हजार, भागिले तीस. सरासरी आली २,२६६ रुपये ६७ पैसे. तूट ७,७३३ रुपये ३३ पैसे. तिच्यावर सहा टक्के दंड ४६४ रुपये, त्यावर जीएसटी, एकूण ५४७ रुपये ५२ पैसे. त्याच महिन्याचं बचत खात्याचं व्याज, वर्षाला अडीच टक्क्यांनी, साधारण पावणेपाच रुपये. चाळीस वर्षं मुलांना सरासरी शिकवलेला माणूस 'सरासरी शिल्लक' यातला नेमका पहिला शब्द सोडून दुसरा वाचतो, यापेक्षा निरपेक्ष दान कोणतं असेल?

नतद्रष्ट लोक याच सरासरीचा उलटा फायदा घेतात. हिशोब रोज दिवसअखेरच्या शिलकेचा होतो. दहा हजार गुणिले तीस म्हणजे तीन लाख. मुदत ठेव मोडून आलेले तीन लाख एक रात्र खात्यात झोपले, तर उरलेले एकोणतीस दिवस खातं रिकामं असलं तरी अट पूर्ण. किंवा साठ हजार पाच दिवस. काकांना मी हे सांगितलेलं नाही. त्यांचा तीस तारखेचा व्यायाम बुडेल.

रिझर्व्ह बँकेने या दानात खोडा घालायचा प्रयत्न केलेला आहे. १ एप्रिल २०१५ पासूनचा नियम असा, की शिल्लक कमी पडल्यावर बँकेने आधी ग्राहकाला कळवायचं, भरायला महिनाभर द्यायचा, दंड तुटीच्या प्रमाणातच घ्यायचा आणि निव्वळ दंडापोटी खातं शून्याखाली न्यायचं नाही. काउंटरवर यातलं चकार शब्दही काढू नका. पलीकडचा पोरगा आधीच तीन विमा पॉलिसींच्या टार्गेटखाली दबलेला असतो.

आपण एकटे नाही, हे कळलं म्हणजे देणाऱ्याला बरं वाटतं. २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत किमान शिल्लक न ठेवणाऱ्यांकडून फक्त सरकारी बँकांनी साडेआठ हजार कोटींच्या आसपास गोळा केले, असं सरकारनेच संसदेत सांगितलं. लक्षात घ्या, ज्यांच्याकडे ठेवायला पैसे होते त्यांचा यात काही वाटा नाही. हा सगळा निधी ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी उभा केला. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडक्या बहिणींच्या खात्यात पहिले तीन हजार आले, तेव्हा काही बँकांनी त्यातूनच जुने दंड वळते करून घेतल्याच्या तक्रारी झाल्या आणि सरकारला 'असं करू नका' म्हणून मध्ये पडावं लागलं. भावाची ओवाळणी ताटात पडायच्या आधीच उचलायला हातही तसाच सराईत लागतो.

सरकारी बँकांचा मात्र अलीकडे भरवसा राहिलेला नाही. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्येच बचत खात्यावरची किमान शिलकेची अट काढून टाकली, २०२५ मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल अशा आणखी काहींनी दंड बंद केला. तुमचं खातं अशा बँकेत असेल तर ताबडतोब एखाद्या झगमगीत खासगी बँकेत चला. ऑगस्ट २०२५ मध्ये एका मोठ्या खासगी बँकेने महानगरांतल्या नव्या ग्राहकांसाठी ही अट पन्नास हजारांवर नेली होती. ओरड झाल्यावर काही दिवसांतच पंधरा हजारांवर आणली. किती ठेवायची ते बँकांनी ठरवायचं, हा रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला विषय नाही, असं गव्हर्नरांनी त्याच सुमारास सांगून टाकलं. म्हणजे आशेला जागा आहे.

आणि 'बेसिक बचत खातं' हा शब्द तर उच्चारूच नका. २०१२ पासून प्रत्येक बँकेला असं खातं द्यावं लागतं: किमान शिलकेची अट नाही, कार्ड फुकट, महिन्यातून चार वेळा पैसे काढायची सोय. आहे ते खातं यात बदलूनही मागता येतं. फक्त त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. शाखेत याची चौकशी केलीत तर समोरचा क्षणभर असा बघेल की तुम्ही त्याच्याकडे रेशनचं रॉकेल मागितलंत. त्या नजरेला मान देऊन परत या.

खाती जितकी जास्त तितकं पुण्य जास्त. प्रत्येक नोकरीत पगाराचं नवं खातं उघडून मिळतं, ते नोकरी सोडताना तसंच मागे ठेवा. पगार येईनासा झाला की दोन-तीन महिन्यांत 'झिरो बॅलन्स'चं ते खातं मुकाट्याने साधं बचत खातं होतं आणि किमान शिलकेची अट येऊन बसते. माझं असं एक होतं. त्यात चार हजार तीनशे रुपये ठेवून मी निर्धास्त होतो. दीड वर्षाने सहज बघितलं तर अकरा रुपये. मी ते अकरा रुपये बराच वेळ बघत बसलो. खालच्या सगळ्या ओळी सारख्याच होत्या, फक्त महिना बदलत होता. मधल्या काळात बँकेने मला वाढदिवसाच्या शुभेच्छा मात्र न चुकता पाठवल्या होत्या.

अशा खात्याची काळजी घ्यायला हवी. दोन वर्षं तुम्ही त्यात काहीच व्यवहार केला नाही तर ते निष्क्रिय होतं, आणि निष्क्रिय खात्यावर किमान शिलकेचा दंड लावता येत नाही. ते पुन्हा सुरू करायलाही पैसे घेता येत नाहीत. एवढं चांगलं चाललेलं दान असं बंद पडू देऊ नका. दीड वर्षातून एकदा दहा रुपये टाकून खातं जिवंत ठेवा. मेच्या अखेरीला या प्रत्येक खात्यातून पंतप्रधानांच्या नावाच्या जीवन विम्याचे ४३६ आणि अपघात विम्याचे २० रुपये जाऊ द्या. दोन्ही योजना उत्तम आहेत, एकाच खात्यातून घेतल्या तर. कारण माणूस चार खात्यांतून हप्ते भरू शकत असला तरी भरपाई एकाच खात्यावर मिळते. बाकीच्या तीन हप्त्यांचं काय होतं ते विचारू नये. गुप्तदान.

एटीएमला वारंवार जा. आपल्या बँकेच्या यंत्रावर महिन्याला पाच व्यवहार फुकट. दुसऱ्या बँकेच्या यंत्रावर महानगरात तीन आणि इतरत्र पाच. पुढे प्रत्येक वेळी, १ मे २०२५ पासून, तेवीस रुपयांपर्यंत आणि वर जीएसटी. पुणेकरांना हे ऐकून यातना होतील, पण या नियमाच्या महानगरांच्या यादीत मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू आणि हैदराबाद आहेत, पुणे नाही. अपमान गिळून दोन व्यवहार जास्त पदरात पाडून घेणं पुणेकर कसं करतात, ते त्यांचं त्यांना ठाऊक. बाकीच्यांनी 'किती आहेत बघू' म्हणून नुसती शिल्लक पाहावी, मग पाचशे काढावेत, मग 'किती राहिले' ते पाहावं. शिल्लक बघणं हाही व्यवहारच धरतात. मुंबईत दुसऱ्या बँकेच्या यंत्रावर पाचशे रुपयांत तिन्ही फुकट फेऱ्या संपल्या. मोबाइलवर शिल्लक फुकट दिसते, पण तिथे ती थंडगार हवा नाही.

पैसे पाठवायचे असतील तर शाखेत जाऊन एनईएफटीची स्लिप भरा. जानेवारी २०२० पासून बचत खात्यातून हेच काम ऑनलाइन केलं तर फुकट होतं, पण मग दोरीला बांधलेल्या, न उठणाऱ्या पेनाचा आनंद कसा मिळणार?

दानाच्या बदल्यात बँक काहीच देत नाही, असं मात्र नाही. ती क्रेडिट कार्डावरच्या खर्चाचे रिवॉर्ड पॉइंट देते. नैवेद्याचं ताट आपण घेऊन जायचं आणि पुजाऱ्याने त्यातलीच चिमूटभर साखर प्रसाद म्हणून हातावर ठेवायची, तसं. बऱ्याच कार्डांवर एक पॉइंट म्हणजे पंचवीस पैसे. पण २,००० पॉइंट म्हटलं की छाती कशी फुगते, ५०० रुपये म्हटलं की फुगत नाही. मी दोन वर्षं जमवलेले २,००० पॉइंट वटवायला गेलो तेव्हा वटवणावळ ९९ रुपये आणि जीएसटी, मिळून ११६.८२. शिवाय जमणाऱ्या पॉइंटांना मुदत होती, बरेचसे त्याआधीच निजधामाला गेले होते, ते वेगळंच.

त्याहून मोठा पराक्रम कार्डाचं वार्षिक शुल्क वाचवण्याचा. वर्षात पन्नास हजार खर्च केले की ४९९ अधिक जीएसटी माफ. शेवटच्या आठवड्यात मला सात हजार कमी पडत होते. मी एअर फ्रायर घेतला. ५८९ रुपये वाचले. बायकोने त्यात एकदा बटाटेवडे करून पाहिले. हल्ली आम्ही त्यात कांदे ठेवतो.

कार्डावर फुकट मिळणाऱ्या विमानतळाच्या लाउंजवरही विश्वास ठेवा. तिमाहीत ठरलेला खर्च केलात तरच आत सोडतात, हे दारात कार्ड घासल्यावर कळतं. तोवर मागे पंधरा माणसं उभी असतात, त्यामुळे उपम्याचे पैसे आपण निमूट भरतो.

खऱ्या थोर दात्यासाठी क्रेडिट कार्डाच्या बिलावर एक खास ओळ असते, 'किमान देय रक्कम'. वीस हजारांचं बिल, किमान देय हजार. हजार भरा आणि ऋणमुक्त झाल्यासारखे झोपा. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे ७०० रुपये व्याज, त्यावर १२६ जीएसटी. ढोबळमानाने तुमच्या हजारातले ८२६ दक्षिणेत गेले, मुद्दल १७४ रुपयांनी हललं. शिवाय थकबाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. आज घेतलेल्या कोथिंबिरीवर आजपासून व्याज. सावकाराच्या वहीवर अंगठा उठवणाऱ्या पणजोबांना आपण अडाणी म्हणत आलो. त्यांना निदान पॉइंट मिळत नव्हते म्हणून दुःख नव्हतं.

तक्रार तर करूच नये. आमच्या सोसायटीत एक बाई आहेत, अंगणवाडीतून निवृत्त. त्यांच्या खात्यातून असेच पाचशेच्या वर गेले. त्यांनी फुलस्केपवर अर्ज लिहिला: 'शिल्लक कमी असल्याचे मला आपणाकडून कळविण्यात आले नाही.' दोन प्रती केल्या, एकीवर पोच म्हणून शिक्का मागितला. अर्जाच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात लिहिलं होतं, 'तीस दिवसांत उत्तर न आल्यास: मा. लोकपाल, रिझर्व्ह बँक.' बँकेविरुद्ध या लोकपालाकडे दाद मागायची सोय फुकट आहे, नोव्हेंबर २०२१ पासून बहुतेक बँकांसाठी एकच आहे, आणि १४४४८ वर फोन केला तर माहितीही देतात. मॅनेजरने अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चौथ्या दिवशी पैसे जीएसटीसकट परत.

बाई तशाच पासबुकाच्या यंत्रापाशी गेल्या, जमेची ओळ छापून आली का ते पाहायला. मी त्यांच्या मागे रांगेत होतो, माझं पासबुक घरात कुठेतरी आहे आणि सापडत नाही म्हणून नवं घ्यायला. डुप्लिकेटचे शंभर, अधिक जीएसटी. ११८ रुपये. खात्यातूनच वळते करून घेतले, मला खिशात हातही घालावा लागला नाही.