एक स्टार दिलात ते ठीक, पण १०० डॉलरचं लिमिट माझं नाही हो

नमस्कार दादा,

आमच्या कार्डरूमवरचा, म्हणजे पैसे लावून पत्ते खेळायच्या आमच्या लायसन्सवाल्या जागेवरचा, तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला. खरं तर बायकोने दाखवला, मी तेव्हा दिवसाचा हिशोब लावत बसलो होतो. आधी माफी मागतो. तुम्ही सहा जण सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून दीड-दोन तास गाडी हाणत आमच्या या आडगावात आलात, चहा गार मिळाला आणि फ्लोअरवरच्या आमच्या बाई तुमच्याशी तुटक बोलल्या असं तुम्हाला वाटलं, त्याबद्दल सॉरी, मनापासून. तुम्ही मराठीत लिहिलंत म्हणून मीही मराठीतच लिहितो. जरा लांबणार आहे, पण "मालक स्वतःचा पैसा वाचवायला लिमिट लावतो, मराठी माणूसच मराठी माणसाला लुटतो" असं तुम्ही चारचौघांत लिहिलंय, ते वाचून मला झोप लागली नाही, तेव्हा एवढं ऐकून घ्या.

चहाचं सोडा. लिमिटचं बोलतो.

एका डावाला एका चौकटीवर (टेबलावर पैसे ठेवायची आखलेली जागा) जास्तीत जास्त १०० डॉलर हा आकडा मी ठरवलेला नाही. तो आमच्या शहराच्या ऑर्डिनन्समधे, म्हणजे शहराच्या स्वतःच्या कायद्यात आहे, आणि ते ऑर्डिनन्स मी इथे भागीदार व्हायच्या कितीतरी आधीचं आहे. कॅलिफोर्नियात कार्डरूमचं असं आहे की राज्याने स्वतः सगळीकडे चालेल असा बेटचा (डावावर लावायच्या पैशाचा) एक आकडा ठरवलेलाच नाही, ते गावागावावर सोडलंय. पण १९९७ चा जो गॅम्ब्लिंग कंट्रोल अ‍ॅक्ट आहे त्यात म्हटलंय की शहराच्या ऑर्डिनन्समधे पाच गोष्टी असायलाच हव्यात, उघडं किती तास ठेवायचं, गिऱ्हाइकांची सुरक्षा, जागा कुठली, बेटची मर्यादा आणि टेबलं किती. यातलं काही नसेल तर राज्याचं कमिशन त्या गावातल्या कार्डरूमला लायसन्स देत नाही. म्हणजे मर्यादेबद्दल शहराला काहीतरी लिहावंच लागतं, आमच्या शहराने १०० लिहिलं, संपलं. मी टेबलावर १०१ घेतले तरी ते माझ्या लायसन्सवर येतं, आणि पत्ते वाटणाऱ्या डीलरच्या वर्क परमिटवर येतं ते वेगळंच.

तुम्ही म्हणता "सॅन होजेत माझा मित्र एका डावाला हजार लावतो, तिथे कोणी अडवत नाही." बरोबर आहे. पण तिथे ते कसं झालं ते मित्राला विचारा. २०१० च्या जूनमधे सॅन होजेच्या लोकांनी 'मेझर के' (Measure K) नावाचा ठराव मतदानाने पास केला, त्यात प्रत्येक कार्डरूमची टेबलं ४९ पर्यंत वाढवली, बेटची मर्यादा राज्याचा कायदा चालवेल तेवढी चालेल असं केलं, आणि बदल्यात शहराने आपला टॅक्स १३ टक्क्यांवरून १५ वर नेला. २०२० मधे परत मतदान, टॅक्स साडेसोळा टक्के आणि टेबलं आणखी वाढली. तिथे दोनच कार्डरूम आहेत आणि गाव दहा लाखांच्या आसपासचं. आमचं गाव तुम्ही पाहिलंत, दोन सिग्नल आणि एक टोमॅटोचा कारखाना. आमची टेबलं ७. ती पण मनात आलं म्हणून वाढवता येत नाहीत, नव्या कार्डरूमवर आणि टेबलं वाढवण्यावर राज्याची बंदी १९९० च्या दशकापासूनची आहे, मधे २०२३ च्या सुरुवातीला संपली होती, त्याच वर्षी परत लावली ती थेट २०४३ पर्यंत. आमच्यासारख्या लहानांना थोडी थोडी वाढवायची सवलत दिलीय, पण त्यालाही शहराची परवानगी लागतेच. २०४३ ला मी किती वर्षांचा असेन ते मी मोजत नाही.

आणि मी प्रयत्न केला नाही असं समजू नका. तीन वर्षांमागे सिटी कौन्सिलच्या मीटिंगला गेलो होतो, कोट घालून, १०० चं ३०० करा म्हणायला. पब्लिक कमेंटला ३ मिनिटं देतात, घड्याळ लावून. माझ्या आधी एक चर्चच्या आजी बोलल्या, त्यांचा मुलगा पत्त्यांत घर घालवून बसलाय म्हणून. त्यांच्यानंतर मी काय बोलणार सांगा? बोललो तरी, टॅक्स किती वाढेल ते सांगितलं, पण आवाज बसला होता. विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला तो आजतागायत पुढेच आहे. त्या आजी नंतर पार्किंगमधे भेटल्या आणि ड्राइव्ह सेफली म्हणाल्या. असो.

आता तुमचा तो पाचवा डाव. हे मला लिहायचं नव्हतं पण तुम्ही अख्खी कथा लिहिलीय, तर माझीही बाजू येऊ दे. कॅमेरे असतात आमच्याकडे, ठेवावेच लागतात. तुम्ही १० लावले, गेले. २० लावले, गेले. ४० गेले, ८० गेले. म्हणजे १५० गेले. मग तुम्हाला १६० लावायचे होते, एक डाव आला की सगळं वसूल वर १० नफा, हा हिशोब सगळ्या जगाला माहीत आहे दादा, आमच्या मिरजेच्या वाड्यातल्या पोरांनाही होता, गोट्या खेळताना. डीलरने सांगितलं मॅक्स १००. तुम्ही १०० ठेवले आणि शेजारच्या तुमच्या मित्राच्या हातात ६० देऊन त्याच चौकटीत मागून ठेवायला लावले. आमच्या बाईंनी तेवढ्यावर थांबवलं. एका चौकटीत सगळ्यांचे मिळून १०० अशीच परवानगी आहे आम्हाला, आणि पैसे तुमच्याच पाकिटातून निघालेले सगळ्या टेबलाने पाहिले. त्या बाईंचं स्वतःचं राज्याचं लायसन्स आहे, दोन पोरं आहेत, त्या आवाज चढवणार नाहीत तर काय करतील. तरी त्यांच्याशी मी बोललोय.

आणि हो, तो पाचवा डाव तुमचा आला. मी नाकारत नाही. १६० असते तर तुम्ही १० ने वर असता, १०० होते म्हणून ५० ने खाली राहिलात. पाच डावांचं कलेक्शन, म्हणजे दर डावाला आम्ही घेतो ती फी, ५ डॉलर धरलं तर ५५. त्या टेबलावर तुमचं जे काही गेलं ते इतकंच. पण रिव्ह्यूमधे "दोनशे डॉलरला बुडवलं" लिहिलंय. उरलेले १४५ नंतर दुसऱ्या टेबलावर होल्डेम (पोकरचा एक प्रकार) खेळताना गेले, जिथे तुमच्या समोर चार ट्रक ड्रायव्हर आणि एक रिटायर्ड शाळामास्तर बसले होते, आणि त्या सहा जणांत तुम्ही एकटेच प्रत्येक डाव शेवटपर्यंत बघत होता. ते पैसे मास्तरांकडे गेले. त्यांना एक स्टार द्या.

सॉरी, हे तिखट झालं. पण खोडत नाही.

सगळ्यात लागलं ते "स्वतःचा पैसा वाचवायला". दादा, कॅलिफोर्नियाच्या कार्डरूममधे घर, म्हणजे जागेचा मालक, खेळतच नाही. वेगासमधे तुम्ही हरलात की कॅसिनो जिंकतो, आमच्याकडे तसं कायद्यानेच चालत नाही, बँक (जिंकणाऱ्यांना पैसे देणारी आणि हरणाऱ्यांचे घेणारी बाजू) घराची असलेला खेळ इथे पीनल कोडप्रमाणे गुन्हा आहे. तुमच्या समोर बँक धरून जो गप्प माणूस बसला होता तो माझा नाही, तो दुसऱ्या कंपनीचा, त्या कंपनीचं स्वतःचं राज्याचं लायसन्स असतं. बँक तुम्हालाही धरता येते, डीलर प्रत्येक फेरीला विचारतो, तुम्हाला दोनदा विचारलं आणि तुम्ही मोबाइल बघत मान हलवलीत. तुमचे १५० गेले ते त्याच्याकडे, आणि पाचव्या डावाचे १०० आले तेही त्याच्याकडूनच. आम्हाला फक्त कलेक्शन. तेही टक्केवारीत घ्यायला बंदी आहे, पत्ते वाटायच्या आधी ठरलेला आकडा, टेबलावर पाटी लावलेली. ती कंपनी आम्हाला टेबलाचे पैसे देते ते पण ठरलेलेच, तिच्या हारजितीत आमचा वाटा नसतो, असूच शकत नाही. मग तुमचं लिमिट कमी ठेवून मला काय मिळणार? उलट मोठ्या बेटला कलेक्शनचा पुढचा टप्पा लागला असता तर एक डॉलरच्या जागी दोन मिळाले असते. या १०० च्या पायी महिन्याला किती गिऱ्हाइकं तासभर पुढे गाडी मारून ट्रायबल (मूळ अमेरिकन जमातींच्या) कॅसिनोत जातात ते मला माहीत आहे, आणि तिथे ब्लॅकजॅक आहे, स्लॉट आहेत, बुफे आहे. माझ्याकडे ७ टेबलं आणि समोसे. तुमच्या एका स्टारने माझं सरासरी ४.३ वरून ४.१ झालं, तुम्हाला ती गंमत वाटेल, पण आमच्याकडे एकूण रिव्ह्यूच १७ आहेत.

तीन पत्तीचं पण लिहिलंय तुम्ही, "इंडियन मालक असून तीन पत्ती नाही". मला काय आवडणार नाही का? गणपतीत आमच्या घरी मेंढीकोट रात्रभर चालायचं, आजी हुकूम लपवायची. पण इथे प्रत्येक खेळाचे नियम राज्याच्या ब्युरो ऑफ गॅम्ब्लिंग कंट्रोलकडून मंजूर करून घ्यावे लागतात, पत्त्यांची क्रमवारी, पैसे कसे द्यायचे, सगळं लेखी. आमच्या यादीत तीन पत्ती नाही. डीलरला "अरे वाट की, कोण बघतंय" म्हणणं सोपं आहे. बघतात. दिवाळीच्या वेळी निदान पंधरा जण तेच म्हणतात.

वेळेचंही. तुम्ही रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी आलात, आणि २ ला "हाकललं" म्हणता. २ ही वेळ पण त्याच ऑर्डिनन्समधली. दीडला एकदा आणि पावणेदोनला एकदा सांगितलं होतं. तेव्हा तुमच्यातला एक जण बाहेर व्हरांड्यात फोनवर होता, त्यांना ऐकू गेलं नसेल, तेवढं मान्य.

माझे वडील पत्त्याला हात लावत नसत, मी हा धंदा करतो हे त्यांना शेवटपर्यंत नीट सांगितलंच नाही, हॉटेल आहे म्हणायचो. म्हणून कोणी मराठीत "लुटारू" लिहिलं की ते इंग्रजीतल्यापेक्षा जास्त लागतं. तुम्हाला ते माहीत असायचं कारण नाही.

आता काय सुधारणा. दारात आत शिरतानाच लिमिटची पाटी मोठ्या अक्षरात लावतो, सध्या आहे ती चिप्स विकायच्या खिडकीजवळ आहे, म्हणजे चिप्स घेतल्यावर दिसते, हे तुमचं बरोबर आहे, आधी दिसायला हवी. वेबसाइटवर पण टाकायला भाच्याला सांगितलंय, तो करेल. फ्लोअरवर थोडं गोड बोलायचं ठरलंय. कौन्सिलकडे परत अर्ज करायचा विचार आहे, निवडणूक झाली की बघू, तुमच्यासारखे दोन-चार गिऱ्हाईक येऊन बोलले तर बरं होईल, पण तुम्ही आमच्या गावचे मतदार नाही ना.

चहाचा नवीन थर्मास घेतला. आणि समोसे प्लेटमधे दोन होते दादा, तुम्ही एक लिहिलाय, दुसरा तुमच्या त्या फोनवाल्या मित्राने खाल्ला, तेही कॅमेऱ्यात आहे.