टिफा स्कॅनसाठी ‘उगाच हेलपाटे घालायला लावले’ या तक्रारीला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची तक्रार थोडक्यात अशी: पाचवा महिना लागला म्हणून टिफा स्कॅनसाठी, म्हणजे बाळाचे सगळे अवयव बारकाईनं तपासणाऱ्या सोनोग्राफीसाठी, तुम्ही अक्कलकोटहून पत्नीला घेऊन आलात. आम्ही ‘16 आठवडेच झालेत, तीन आठवड्यांनी या’ म्हणून परत पाठवलं. पुन्हा आलात तेव्हा स्कॅन अर्ध्यावर थांबवून त्यांना तासभर फिरून यायला सांगितलं. ‘दुसरीकडे दहा मिनिटांत होतं, यांना नुसतं फिरवायचं असतं’ असं लिहून एक स्टार दिलात. गरोदर बाईला घेऊन एसटीनं दोनदा येणं सोपं नाही, कामाचा खाडा होतो तो वेगळाच. तरीही त्या दिवशी परत पाठवणंच योग्य होतं. का, ते सविस्तर लिहितो, कारण हीच गल्लत सोलापूर-अक्कलकोटकडच्या कितीतरी घरांत होते. रिपोर्टमधलं काही इथे लिहिणार नाही, ते तुमचं खासगी आहे.

गल्लत मोजणीत होते. घरात चार आठवड्यांचा महिना धरला की 16 आठवडे संपताच ‘पाचवा लागला’. दुसऱ्या घरात पाच महिने भरल्यावर जातात, तेव्हा 21-22 आठवडे झालेले असतात. दोन्ही घरांत तिला ‘पाचव्या महिन्याची सोनोग्राफी’च म्हणतात. म्हणून महिने सोडा, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजा. पाळी अनियमित असेल तर त्या तारखेवरही विसंबू नका. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून जे आठवडे काढलेले असतात, ते धरा. तो कागद आम्ही मागतो तो यासाठीच. माहेरी आलेल्या मुलींची फाईल बरेचदा सासरी राहते. अशा वेळी मोबाईलवर मागवलेला फोटोही चालतो.

आता 16 व्या आठवड्यात काय अडतं? तेव्हा बाळ साधारण दीडशे ग्रॅमचं असतं. 20 व्या आठवड्यात ते 300 ग्रॅमच्या पुढे जातं, आणि तेव्हासुद्धा हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचं तोंड जेमतेम 3 मिलिमीटर असतं. हृदयाचे चार कप्पे, दोन्ही मोठ्या रक्तवाहिन्या एकमेकींना ओलांडून जातात की नाही, मधल्या पडद्याला छिद्र आहे का, हे 16 ला नीट कळत नाही. मेंदूचं तर आणखी नाजूक आहे. लहान मेंदूचा मधला भाग साधारण 18 आठवड्यांपर्यंत पूर्ण मिटलेला नसतो. लवकर पाहिलं तर ती नैसर्गिक फट दोष वाटू शकते आणि धडधाकट बाळाच्या घरात महिनाभर रडारड होते. म्हणून 18 ते 20 आठवडे. आईचं वजन जास्त असेल तर पोटाच्या चरबीतून सोनोग्राफीच्या लहरी क्षीण होत जातात, तेव्हा 20 ते 22 मध्ये चित्र जास्त स्वच्छ मिळतं.

उशीरही चालत नाही, आणि आमच्या मते तो जास्त महागात पडतो. ‘सातव्यात माहेरी गेल्यावर करू’ असं ठरवलेल्या बाया 28 व्या आठवड्यात येतात. तोवर बरगड्यांची सावली हृदयावर पडते, कवटी घट्ट झालेली असते, हातपाय दुमडलेले असतात. शिवाय दोष सापडलाच तर पुढच्या तपासण्यांना वेळ लागतो: बाळाच्या हृदयाची इको (हृदयाची खास सोनोग्राफी), दुसऱ्या तज्ज्ञाचं मत, गर्भजलाची तपासणी. गर्भजलातल्या पेशी वाढवून गुणसूत्रं पाहायला दोन-तीन आठवडे जातात. 2021 च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्यात 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, 20 ते 24 मध्ये दोघांचं लागतं, आणि त्यापुढे गंभीर व्यंग असेल तर प्रकरण मेडिकल बोर्डाकडे जातं. निर्णय कुटुंबाचा असतो, पण तो घ्यायला हातात दिवस उरले पाहिजेत.

दुसऱ्या खेपेला फिरायला का सांगतो? बाळ पालथं असलं, म्हणजे त्याची पाठ आईच्या पोटाच्या पुढच्या बाजूला असली, की कणा आणि बरगड्या आडव्या येऊन हृदय झाकतात. उलट पाठ आईच्या पाठीकडे असली तर कणा दिसत नाही. पोटावर फिरवायचा प्रोब दाबून बाळ हलत नाही. आईनं काही खाऊन, लघवीला जाऊन, थोडं चालून मग कुशीवर झोपलं की बहुतेकदा बाळ फिरतं. या स्कॅनला उपाशी यायचं नसतं. पाणी पिऊन लघवी तुंबवूनही येऊ नका. टम्म भरलेल्या मूत्राशयानं गर्भाशयाचा खालचा भाग दाबला जातो आणि वर असलेली वारसुद्धा (प्लासेंटा) गर्भाशयाच्या तोंडावर आल्यासारखी दिसते.

दहा मिनिटांत होते ती वाढीची सोनोग्राफी. डोकं, पोट, मांडीचं हाड, ठोके, गर्भजल, झालं. टिफाला 30 ते 45 मिनिटं लागतात, तरीही सगळे दोष त्यात दिसतातच असं नाही. डाऊन सिंड्रोमचं बाळ सोनोग्राफीत अगदी नॉर्मल दिसू शकतं. त्याची चाळणी 11 ते 13 आठवडे 6 दिवस या काळातल्या एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी मोजणारी सोनोग्राफी) आणि रक्ततपासणीत जास्त नीट होते, म्हणून ती चुकवू नये.

आधार कार्ड मागितल्याचा रागही तुम्ही लिहिलाय. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखाली सोनोग्राफी करताना प्रत्येक गरोदर बाईचा एफ फॉर्म (तिच्या माहितीचा नोंद-अर्ज) भरावाच लागतो. लिंगनिदान इथे होत नाही, विचारूही नये.

पैशांचं म्हणाल तर पहिल्या दिवशी काही घेतलेलं नाही, आणि त्याच स्कॅनच्या दुसऱ्या फेरीचे वेगळे लागत नाहीत. पावती तपासा. जास्त घेतलेलं दिसलं तर काउंटरवर दाखवा, लगेच परत मिळतील. रिपोर्टमधली एखादी ओळ कळली नसेल तर दुपारी 2 ते 3 मध्ये फाईल घेऊन या, किंवा फोन करा. त्याचं शुल्क नाही, आणि पत्नीला पुन्हा प्रवास करायला लावायची गरज नाही.