ताठ बसा म्हटलं म्हणून एवढा राग? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

वाचक महोदय,

पाठदुखी आणि बसण्याच्या सवयींवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही मध्यरात्री टाकलेली प्रतिक्रिया सकाळी चहासोबत वाचली. चहा निवला. बाकीच्यांसाठी तिचा गोषवारा देते. बसण्याची पद्धत सुधारल्याने पाठदुखी जाते याला काडीचा पुरावा नाही. 1999 च्या एका संशोधनात खुर्चीत सैल रेलून बसल्यावर मणक्यातल्या चकतीवरचा दाब उभं राहण्यापेक्षाही कमी भरला. कंबरपट्टे निरुपयोगी आहेत. शेतात दिवसभर वाकणाऱ्या बायकांची पाठ काही दुखत नाही. असले लेख वाचून लोक डॉक्टरकडे जायचे थांबतात. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं: 'हिशेबनीस बाईंनी हिशेब लिहावेत, लोकांच्या पाठी सरळ करण्याच्या भानगडीत पडू नये.'

पट्ट्याचं आधी उरकते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही पट्टे सरसकट देऊ नयेत असंच म्हटलंय. माझ्या लेखात पट्ट्याबद्दल एक ओळ होती, ती काढली. झालं समाधान?

आता हिशेबनीस बाई. हो, होते मी हिशेबनीस. गोव्यातल्या डिचोलीच्या एका पतसंस्थेत अख्खी नोकरी काढली आणि त्याची मला लाज वाटत नाही. तुम्ही 'या क्षेत्रातले' आहात म्हणता. कुठले, कोण, ते मात्र लिहीत नाही. मी माझ्या नावाने लिहिते, फोटोसकट. ज्याला स्वतःची सही करायचा धीर नाही त्याने दुसऱ्याची पात्रता काढावी, याला आमच्या गावात वेगळा शब्द आहे. तो इथे लिहीत नाही.

माझी पात्रता ऐकायचीच असेल तर ऐका. माझ्या खुर्चीचा फोम मधोमध बसला होता. त्यात बसलं की बूड गुडघ्यांच्या खाली जायचं. तसं झालं की कंबरेची मूळची आतली कमान सपाट होते, माणूस नकळत माकडहाडावर रेलतो, आणि मान पुढे काढल्याशिवाय समोरचं दिसत नाही. संगणकाचा पडदा डावीकडे, कारण वायर तेवढीच पोचायची. व्हाउचरांचा गठ्ठा उजवीकडे. म्हणजे मान एकीकडे नि कंबर दुसरीकडे. मार्चअखेर आली की ताळेबंद जुळेस्तोवर उठायची सोय नाही, आणि घरी जायला स्कूटर, पावसाळ्यानंतरच्या आमच्या रस्त्यांवरून. हे सगळं वर्षानुवर्षं. मग एक दिवस उजव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ गेली ती जाईना.

एक्सरे काढला. 'गॅप पडलीय', म्हणजे मणक्यांमधली चकती झिजलीय, असं सांगण्यात आलं, वाकू नका, पट्टा बांधा. आपल्याकडे 'गॅप' ऐकलं की माणूस अर्धा खचतो. पुढे मी वाचलं, तेव्हा कळलं की मुळीच न दुखणाऱ्या माणसांचे स्कॅन तपासले तरी विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांत चकत्यांची झीज दिसते. 2015 मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी झाली, त्यातले हे आकडे. हे मला कुठल्या पदवीधराने सांगितलं नाही. हिशेबनीस बाईला आकडे वाचता येतात, तेवढंच कामी आलं.

मग मी काय केलं? सोलापुरी चादरीची घट्ट घडी करून फोमच्या खड्ड्यात घातली, तेव्हा बूड गुडघ्यांपेक्षा किंचित वर आलं. पाय अधांतरी राहायला लागले म्हणून खाली जुन्या पावतीपुस्तकांचा गठ्ठा. शिपायाच्या हातापाया पडून लांब वायर आणवली आणि पडदा नाकासमोर घेतला. पाण्याची बाटली टेबलावर ठेवणं बंद केलं, म्हणजे तहान लागली की उठून कूलरपर्यंत जावंच लागे. साहेब चिडायचे. चिडू दे. संध्याकाळी मयेच्या तळ्याकडे चालायला जाऊ लागले. हळूहळू कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कमरेत आली आणि एका चवथीला मी पाटावर उभी राहून गणपतीवर टांगायच्या माटोळीचे नारळ स्वतः बांधले. त्याच्या आदल्या चवथीला मी नुसती खाली बसून कुठला घोस कुठे ते सांगत होते. याला तुम्ही पुरावा म्हणणार नाही. नका म्हणू. माझ्या पाठीला तुमच्या शिक्कामोर्तबाची गरज नाही.

राहता राहिलं 1999. ते संशोधन जर्मनीतलं, आणि मोजमाप केलं ते एकाच स्वयंसेवकाचं. चौथ्या आणि पाचव्या कंबर-मणक्यांमधल्या चकतीत सेन्सर घालून. एका माणसाच्या पाठीवरून तुम्ही जगाला शिकवणार आणि माझी एक पाठ मात्र चालणार नाही, हा न्याय मला कळला नाही. शिवाय तेच संशोधन पुढे वाचा. उभं असताना 0.5 मेगापास्कल दाब, आणि 20 किलोचं ओझं पाठ गोल करून उचलताना 2.3. तेच ओझं गुडघे वाकवून उचललं तर 1.7. म्हणजे ढब बदलली की दाब बदलतो, हे तुमच्याच साक्षीदाराने सांगितलं! माझ्या लेखात गॅसचा सिलिंडर कसा उचलावा यावर अख्खा परिच्छेद आहे, तो तुम्हाला दिसला नाही. दिवसभर छाती काढून कडक बसा असं मी कुठे लिहिलंय, तेही दाखवा. मी लिहिलंय ते असं: नीट बसा, आणि अर्ध्या तासाने तेही मोडा, उठा. यात तुमचा-माझा वाद नेमका कुठे आहे, मला अजून उमगलेलं नाही.

शेतातल्या बायकांचं म्हणाल तर लावणीच्या दिवसांत संध्याकाळी आमच्या वाड्यावर या. सुनेकडून पाठीला खोबरेल चोळून घेताना त्या काय काय बोलतात ते ऐका, मग लिहा.

आणि डॉक्टरचा मुद्दा. लघवीवर ताबा न राहणं, जांघेत किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा, पाय लुळा पडणं, पडझडीनंतरची पाठदुखी, दुखण्यासोबत ताप किंवा उगाच घटणारं वजन, यांपैकी काहीही असेल तर माझा लेख बंद करून आधी डॉक्टर गाठा, असं मी दुसऱ्याच परिच्छेदात ठळक अक्षरांत लिहिलं होतं. आजही ते तिथेच आहे. तुम्ही ते वाचलंच नाही, की वाचून सोडून दिलंत, एवढं कळवा. या खेपेला नावासकट.