आशाताईचा पगार कसा वाचवावा?

समजा, उद्या सार्वजनिक आरोग्य खातं तुमच्या हाती आलं. तिजोरीत खडखडाट आणि गावोगावी बाळंतपणं, लसी, क्षयाचे रुग्ण. घाबरू नका. २००५ पासून चालत आलेली सोय आहे. साधारण हजार लोकसंख्येमागे गावातलीच एक बाई निवडा आणि तिला 'आशा' स्वयंसेविका म्हणा. स्वयंसेविकेला वेतनश्रेणी नसते, महागाई भत्ता नसतो, पेन्शनचं तर नावच नको. थोडं मानधन ठेवा, बाकी कामागणिक मोबदला.

नवजात बाळाचंच घ्या. दवाखान्यात बाळंतपण झालं की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ताईने घरी जायचं. बाळाचं वजन घ्यायचं, ताप बघायचा, नाळ बघायची, आईला दूध येतंय का ते विचारायचं. सहा फेऱ्यांचे मिळून २५० रुपये. (चप्पल तिची तिने घ्यावी.) हे पैसेही लगेच सोडू नका. वजन नोंदलेलं हवं, लस टोचलेली हवी, जन्माची नोंदणी हवी आणि ४२ व्या दिवसापर्यंत बाळ-बाळंतीण सुखरूप हवीत. एवढ्या अटी तुमच्या खात्यात दुसऱ्या कुणाच्या पगाराला असतील, तर कळवा.

साथ आली की तिलाच घरोघर पाठवा. कोरोनात केंद्राने या कामाचे महिन्याला १००० रुपये जादा दिले, म्हणजे दिवसाला तेहतीस. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांना गौरवलं. अशा दिवशी अभिनंदनाची पोस्ट सर्वांत आधी तुमची पडली पाहिजे. पोस्टला निधीची तरतूद लागत नाही.

तरीही त्या संपावर जातील. जाऊ द्या. २०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर महाराष्ट्रात मानधनात महिन्याला सात हजारांची वाढ जाहीर झाली; जीआर, म्हणजे शासन निर्णय, काही निघेना. जानेवारीत पुन्हा संप, फेब्रुवारीत आझाद मैदान. मार्चमध्ये शिक्कामोर्तब झालं ते पाच हजारांवर. घोषणा सातची, कागद पाचचा. हे कसब सचिवालयातल्या जुन्या माणसांकडून नीट शिकून घ्या.

आणि खातं नाहीच मिळालं, तरी साधे सरकारी नोकर म्हणूनही हातभार लावता येईल. आठव्या वेतन आयोगात फिटमेंट फॅक्टर, म्हणजे मूळ पगाराला गुणायचा आकडा, किती धरावा, याचा हिशेब मांडत बसलेले असताना टीव्हीवर आझाद मैदान दिसलं, की चहाचा घोट घेऊन म्हणायचं, "या बायकांत सेवाभाव म्हणून काही उरलाच नाही हो!"