पिकअपच्या लेखावरच्या तिखट प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रियेच्या चौकटीत मावणार नाही म्हणून हे वेगळं लिहितोय. ज्यांनी तुमची मूळ प्रतिक्रिया पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी तिचा गोषवारा देतो. जुनी पिकअप कमी खर्चात कशी उभी केली यावर मी लिहिलं, त्यावर तुमचे आक्षेप चार. चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, ठिगळं लावण्यात पैसा घालवला, त्याऐवजी गंजावर कन्व्हर्टर आणि पुट्टी मारली असती तर निम्म्यात भागलं असतं. पुढचे मूळ ड्रम ब्रेक काढून डिस्क बसवले, म्हणजे गाडीचा वारसा बिघडवला. एवढं करूनही केबिनचा रंग उडालेला आणि फाळका चेपलेला, मग याला रिस्टोरेशन कसलं म्हणायचं. आणि 'बजेट' ही शुद्ध थाप, कारण स्वतःची मजुरी हिशेबात धरलेलीच नाही. वर एक प्रश्नही आहे: एवढी गाडी उघडलीच होती तर नवं डिझेल इंजिन का नाही टाकलं? ड्रम ब्रेक काढले म्हणून रागावणारा माणूस त्याच दमात इंजिन बदलायला सांगतो, याची जरा गंमत वाटली.

गंजापासून सुरू करतो, कारण खरा वाद तिथेच आहे. कन्व्हर्टर मीही वापरला आहे. त्यातलं फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल गंजावर काम करतं आणि काळपट, घट्ट थर तयार होतो, त्यावर प्रायमर चांगला धरतो. पण हे वरवरच्या गंजाचं औषध आहे, आणि तेही सुटे पापुद्रे वायर ब्रशने खरवडून काढल्यावर. पत्रा जिथे आतून खाल्ला गेलाय तिथली जाडी कुठलंही आम्ल परत आणत नाही.

आता मागच्या कमानीचा (पट्ट्यांच्या स्प्रिंगचा) हँगर, म्हणजे तिला धरणारा ब्रॅकेट, चासीला जिथे बसतो ती जागा डोळ्यांसमोर आणा. चाकाने उडवलेला चिखल नेमका तिथे साचतो आणि ओल धरून बसतो. वरून रंग शाबूत दिसतो. हातोडीने हलके ठोके देत चासीच्या बीमवरून पुढे सरकलं की चांगल्या लोखंडावर खणखणीत आवाज येतो, आणि मग एका ठिकाणी तो एकदम बसका होतो. माझ्या गाडीत डाव्या हँगरच्या मागे तो बसला. स्क्रूड्रायव्हर टेकवून जोर दिला तर आधी पातळ पापुद्रे सुटले, मग विटकरी भुगा आणि सुकलेला चिखल मनगटावर सांडला, आणि टोक सरळ आत गेलं. हौद्यात टाकलेलं वजन याच जागेवरून कमानीवर उतरतं. तिथे कन्व्हर्टर नेमका कशावर लावायचा?

पुट्टीचं तर विचारूच नका. पुट्टी म्हणजे पॉलिएस्टर रेझिनमध्ये कालवलेली दगडाची भुकटी. डेंटिंग करून पत्रा सरळ केल्यावर उरलेला बारीक उंचसखलपणा भरायला ती उत्तम, साधारण ३ मिलिमीटरपर्यंत. भोकावर जाळी लावून वर पुट्टी थापली की ती मागच्या बाजूने पाणी ओढते, आतला गंज वाढत राहतो, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागत असल्याने वरचा रंग फुगून येतो. गाडी विकायची असेल तर हे काम निम्म्यात होतं हे खरं. वापरायची असेल तर तेच काम परत करावं लागतं, आणि दुसऱ्या वेळी आधीची पुट्टी तासण्याची मजुरी वर.

म्हणून तिथला कुजका भाग चांगलं लोखंड लागेपर्यंत कापला आणि त्याच जाडीच्या पट्टीने भरला. बाहेरून बसवलेल्या प्लेटची टोकं सरळ काटकोनात न ठेवता तिरपी कापली, कारण बीमच्या आडव्या रेषेत वेल्डिंगची सलग ओळ पडली की पुढची चीर तिथूनच जाते. हे काम माझ्या हातचं नव्हे. चासीचं वेल्डिंग मी पक्क्या वेल्डरकडूनच करून घेतलं. केबिनच्या तळाचा पातळ पत्रा मात्र मीच जोडला: एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, मधे थंड होऊ द्यायचं. सलग ओढत गेलं की पत्रा वाकतो आणि मग खरोखरच पुट्टी लागते.

वेल्डिंगचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी, तुमच्यासाठी नाही तर हे वाचून ग्राइंडर हातात घेणाऱ्यांसाठी. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर लगेच वेल्डिंग करू नका, त्या उष्णतेत फॉस्जीन तयार होतो आणि तो विषारी वायू आहे. आणि पेट्रोलच्या टाकीला वेल्डिंगचं टोकही लावू नका, 'रिकामी आहे' म्हणून तर मुळीच नाही. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की ठिणगीने स्फोट होतो. काठोकाठ भरलेल्या टाकीत तेवढी हवाच नसते, रिकाम्यात असते.

आता ब्रेक. वारशाचा मुद्दा मला मान्य आहे, फक्त तो ड्रमवर का अडावा ते कळत नाही. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे फिवाची, ट्यूरिन सनद आहे. तिचा भर शक्य तितकं मूळ जपण्यावर आहे, पण सुरक्षिततेसाठी बदल करावाच लागला तर तो परत फिरवता येईल असा असावा आणि काढलेले मूळ भाग गाडीसोबत जपावेत, असंही ती सांगते. मी तेच केलंय. एकही कंस (ब्रॅकेट) कापला नाही, एकही नवं भोक पाडलं नाही, सगळं बोल्टवर आहे. जुने ड्रम, बॅकप्लेट, लायनर तेलाचा हात देऊन खोक्यात ठेवलेत. कारखान्यांनीही वेगळं काही केलं नव्हतं. शेव्हरोलेच्या सी-१० पिकअपची १९६७ ते १९७२ ही एकच पिढी पाहा: सुरुवातीला पुढे ड्रम, आणि १९७१ पासून पुढचे डिस्क ब्रेक सर्रास. म्हणूनच त्या पिढीची आधीची गाडी असणारे लोक नंतरच्या वर्षाचे भाग सोडवून आणतात आणि बसवतात. याला वारसा बिघडवणं म्हणायचं असेल तर पहिला गुन्हेगार कारखानाच.

मात्र तुम्ही विचारायला हवं होतं ते विचारलंच नाही: डिस्क बसवताना बाकीचं काय बदललं? कारण नुसत्या पुढच्या चाकांना डिस्क लावून मोकळे होणारे बरेच दिसतात आणि त्यांची गाडी आधीपेक्षा जास्त धोकादायक होते. ड्रममध्ये पुढचा शू (आतून ड्रमला घासणारा भाग) फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढला जातो, त्यामुळे पायाला कमी जोर लागतो. डिस्कमध्ये असली फुकटची मदत नाही. म्हणून पायाचा जोर वाढवणारा बूस्टर लागतो, नाहीतर पेडल दगडासारखं वाटतं. पेडल दाबल्यावर तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर बदलावा लागतो, कारण डिस्कला पकडणाऱ्या कॅलिपरच्या पिस्टनला ड्रममधल्या व्हील सिलिंडरपेक्षा जास्त तेल लागतं. त्यातही जुना एकाच चेंबरचा सिलिंडर असेल तर तो आधी काढावा, मग डिस्क लावा अथवा न लावा. एका चेंबरच्या व्यवस्थेत चारपैकी कुठल्याही चाकापाशी पाइप फुटला की चारही ब्रेक जातात. दोन चेंबरमध्ये निदान दोन चाकं उरतात.

आणि पिकअपमध्ये सगळ्यात नाजूक भाग म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल. ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं, आणि रिकाम्या हौद्याच्या गाडीत मागे मुळातच वजन नसतं. मागचे ड्रम पुढच्यांच्या आधी लॉक झाले की मागची बाजू बाजूला सरकून गाडी फिरते. त्यासाठी मागच्या लाइनवर तिकडचा दाब कमी ठेवणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह टाकला आणि मोकळ्या मैदानात, रिकाम्या हौद्यानिशी, पुढची चाकं आधी घसरतील असा तो लावून घेतला. मूळ लेखात यावर एकच ओळ होती. लोकांनी रंगावर चर्चा केली, या ओळीवर कोणी काही बोललं नाही.

पैसा नेमका कुठे जिरला ते दाखवायला एक छोटी गोष्ट सांगतो. पुढच्या डाव्या चाकाचा रबरी होज बाहेरून ठीक वाटत होता. बोटात धरून वाकवला तर वळणावर केसासारख्या भेगा उघडल्या. ब्लेडने उभा चिरला तेव्हा आतलं रबर फुगून मधलं भोक सुईएवढं उरलेलं दिसलं. पायाच्या जोराने तेल आत जायचं पण पाय उचलल्यावर परत यायला वाट नव्हती, म्हणून ते चाक धरून राहायचं आणि गाडी डावीकडे ओढायची. आधीच्या मालकाने या ओढण्यावर अलाइनमेंटचे पैसे घालवले होते. होज हा सगळ्या गाडीतला स्वस्तातला भाग असतो. ब्रेक ऑइलचंही तसंच. साधं ग्लायकॉलचं ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ या दर्जाचं ऑइल कोरडं असताना निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अट असते, ओल धरल्यावर तीच अट १४० वर येते. उतारावर गरम झालेल्या ब्रेकमध्ये तेल उकळलं की पेडल तळाला जातं. ऑइल बदलायला अर्धा दिवसही लागत नाही, पण फोटोत ते दिसत नाही. तुमचा तिसरा आक्षेप बहुतेक इथूनच आलाय.

रंगाबद्दल मग थोडक्यात. रंग करणार आहे, आत्ता नाही. उघड्या पत्र्यावर प्रायमर आहे, बंद पोकळ्यांत मेण मारलंय, केबिनच्या तळाची पाणी निघायची भोकं मोकळी केली आहेत. म्हणजे गाडी गंजत नाहीये, फक्त कुरूप आहे. चेपलेल्या फाळक्यामुळे कोणी मेल्याचं ऐकलं नाही. रिस्टोरेशन म्हणू नका, दुरुस्ती म्हणा, माझी हरकत नाही.

मजुरीचा मुद्दा मात्र तुमच्या चारांतला सगळ्यात दमदार. माझे तास मी धरले नाहीत आणि ते लेखात सांगितलंही होतं. धरले तर गाडी महाग पडते, यात वादच नाही. पण जो आठवड्याचे सगळे दिवस कामावर असतो आणि ज्याला हाताने काम करायची मुळीच आवड नाही त्याने जुनी पिकअप घेऊच नये, त्याचा हिशेब कधी जुळणार नाही. माझा लेख त्याच्यासाठी नव्हता. ज्याला तास आहेत आणि पैसे नाहीत, त्याने कुठले तास स्वतः द्यावेत आणि कुठे मुकाट्याने पैसे मोजावेत, एवढंच मला सांगायचं होतं. सोडवणं, धुणं, खरवडणं, बोल्ट पिशवीत घालून त्यावर चिठ्ठी लावणं हे सगळं स्वतः करावं. गॅरेजमधलं बिल बहुतेक याच कामाचं असतं. ड्रम लेथवर टर्न करणं, चासीचं वेल्डिंग, किंगपिनचे (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या पिनेचे) बुश रीम करून बसवणं यासाठी ज्याच्याकडे यंत्र आणि हात आहेत त्याच्याकडे जावं. भाग मात्र ब्रेक आणि स्टीअरिंगचे कधीही भंगारातून घेऊ नयेत. दरवाजे, काचा, फाळका, सीटचा सांगाडा खुशाल घ्या.

इंजिन का बदललं नाही? कारण गरज नव्हती. गरम इंजिनावर सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, पाहिलं. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा कमी होता. त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा पाहिलं, आकडा वर आला नाही. आला असता तर रिंगा गेल्या असं समजायचं, कारण ऑइल रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजवतं. आला नाही म्हणजे दोष वर, व्हॉल्व्हकडे. हेड उतरवून व्हॉल्व्ह बसवून घेतले, तेवढंच. जड डिझेल टाकलं असतं तर माउंटिंग, गिअरबॉक्सची जोडणी, रेडिएटर, पुढच्या कमानी, डिफरन्शिअलचा रेशो, सगळं एकामागून एक बदलत गेलं असतं. आणि त्या सगळ्यासाठी तुम्हाला कापायला-जोडायला चासी लागली असती, जी तुमच्या मते कन्व्हर्टरनेच धरून ठेवायची होती.

शेवटच्या ओळीत तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडेही एक शेडमध्ये बरीच वर्षं उभी आहे आणि माझा सल्ला ऐकून तिचं वाटोळं करायची इच्छा नाही. नका ऐकू. फक्त बॅटरी लावून थेट स्टार्टर मारू नका. प्लग काढून प्रत्येक भोकात थोडं ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवून बघा. फिरलं नाही तर जोर करू नका, पुन्हा ऑइल सोडा. फिरलं तर टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा, टाकी ते कार्ब्युरेटर सगळे रबरी पाइप बदला, आणि पहिल्यांदा सुरू करताना आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा. चासीवर हातोडीचे ठोके त्याच्याही आधी मारून घ्या. मागच्या हँगरपाशी आवाज बसका आला तर इंजिनावर एक रुपयाही घालायच्या आधी मला कळवा, फोटोसकट.