आधी माल, मग माणूस

मागच्या रविवारी माझा भाचा घरी आला. वय २१. बारावी झालीय, दोन वर्षं पोलीस भरतीची तयारी केली. १६०० मीटर चांगलं धावतो, पण लेखीला दोन्ही वेळा मार्क कमी पडले. हलक्या वाहनाचं लायसन खिशात आहे. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "मामा, आई म्हणायलीय ॲम्ब्युलन्सवर लाग, पप्पा म्हणायलेत ट्रकवर पैसा आहे. तुम्ही दोन्ही केलंय. तुम्हीच सांगा."

मी जे सांगितलं ते ऐकून अक्का माझ्याशी बोलायची बंद झाली. आमच्या उमरगा-लोहारा भागातली बरीच पोरं हाच प्रश्न मला विचारत असतात. म्हणून आज सगळं नीट लिहून काढतोय.

आधी ट्रकचं. मी २००० साली क्लीनर म्हणून गाडीवर चढलो. २००४ पासून स्टेअरिंग हातात आलं आणि २०१५ पर्यंत लाईनवर होतो. लातूरची तूरडाळ, जालन्याची सळई, कारखान्याची साखर. पुणे-हैदराबाद रोडवर तर झोपेतसुद्धा सांगेन की नळदुर्ग गेलं, जळकोट आलं, आता येणेगूर.

ट्रकवर काय वाईट आहे, हे मी पोरांपासून लपवत नाही. गाडी खाली करायला दोन-दोन दिवस गोडाऊनच्या दारात उभं राहायचं, आणि त्या दिवसांचा भत्ता मिळेलच असं नाही. परतीचं भाडं मिळालं नाही तर तिथंच ताडपत्रीखाली मुक्काम. वराई, म्हणजे माल चढवायची-उतरवायची हमाली, कोणी द्यायची यावरून व्यापारी आणि मालक भांडणार आणि शिव्या खाणार ड्रायव्हर. मी लाईनवर असताना मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा होता. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास असं त्यात लिहिलं होतं. अकरा वर्षांत त्या हिशोबानं चाललेली एकही गाडी मी पाहिली नाही. कंबर गेली, पित्त कायमचं मागं लागलं. थोरली मुलगी झाली तेव्हा मी हुबळीत होतो, तिचं तोंड नवव्या दिवशी पाहिलं. ट्रक ड्रायव्हर म्हटलं की सोयरीक जमत नाही, हेही खरं. अक्काचं अर्धं दुखणं तिथंच आहे आणि मी तिला दोष देत नाही.

थोडं बदलतंय. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झालीय. मे महिन्यात लोखंडाच्या केबिनीत इंजिनाशेजारी बसून ज्यानं विजयवाडा केलंय त्यालाच कळेल की ही चैन नाही, गरज आहे. दुसरीकडं नव्या न्याय संहितेत कलम १०६ आलं. अपघात करून न कळवता पळून गेला तर १० वर्षांपर्यंत शिक्षा. त्यावरून २०२४ च्या १ जानेवारीला देशभर गाड्या उभ्या राहिल्या आणि सरकारनं ते उपकलम लागू करायचं थांबवलं. पोरांच्या मनात ती भीती अजून आहे. भाच्यानंही तेच पहिल्यांदा विचारलं.

तरीही मी त्याला म्हणालो, आधी ट्रकवर जा. तीन वर्षं. मग इकडं, रुग्णवाहिकेवर ये.

कारण सांगतो. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद फार बोलायचे नाहीत. दहा टायर गाडी, मागं १६ टन डाळ. मी जोरात ब्रेक मारला की ते काही न बोलता गाडी बाजूला घ्यायला लावायचे आणि हौद्यावर चढून थप्पी बघायला सांगायचे. कट्टे सरकलेले असले की उन्हात रस्से सोडून, थप्पी लावून, परत मीच बांधायचं. असं चार-पाचदा झाल्यावर माझा पाय आपोआप हलका झाला. समोरचं दोनशे मीटर आधी बघायची सवय लागली. कन्नडचा घाट उतरताना त्यांनी शिकवलं की ज्या गियरवर चढलास त्याच गियरवर उतर. डिझेल वाचवायला न्यूट्रल केलंस तर ब्रेक तापून जातील आणि मग देवसुद्धा थांबवणार नाही. आपल्या मागं वजन आहे आणि आपण करू त्या प्रत्येक चुकीचा धक्का त्या वजनाला बसतो, ही गोष्ट अंगात मुरायला मला तीन वर्षं लागली.

रुग्णवाहिकेवर आलो तेव्हा हेच कामाला आलं. लोकांना वाटतं ॲम्ब्युलन्स म्हणजे वेग. १०८ ची सेवा आपल्या राज्यात जानेवारी २०१४ मध्ये ९३७ गाड्या घेऊन सुरू झाली, तेव्हापासून चालकाला 'पायलट' म्हणायची पद्धत पडली. तो शब्द ऐकून पोरांच्या डोक्यात विमानच येतं. पण मागं डॉक्टर असतो. त्याला चालत्या गाडीत शीर शोधून सुई लावायची असते. मान मोडलेला माणूस असतो, त्याला एका स्पीडब्रेकरचा धक्का आयुष्यभर पुरतो. बाळंतीण असते. नळदुर्गच्या अलीकडच्या एका तांड्यावरून आणलेली बाई मला अजून आठवते. निघालो तेव्हा मला वाटत होतं, पळवली तर अर्ध्या तासात पोहोचू. मागून डॉक्टर म्हणाले, "गाडी थांबवा." मी थांबवली. लिंबाच्या झाडाखाली पार्किंग लाईट लावून वीस मिनिटं उभा होतो, आतून लेकराचा आवाज येईपर्यंत. त्या वीस मिनिटांत गाडी उभी ठेवणं हेच माझं काम होतं.

याच्या उलटही पाहिलंय. कार चालवून थेट रुग्णवाहिकेवर आलेला एक तरुण होता. मनानं चांगला, पण सायरन लागला की त्याचं भान जायचं. गावातल्या स्पीडब्रेकरवर गाडी उडवली आणि मागं तीनदा सुई निसटली. रुग्ण वाचला, पण त्या रात्री तो पोरगा खूप रडला. त्याची चूक एवढीच की वजन म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आणि आपल्याकडं हंगामात रात्रीचा रस्ता कसा असतो ते सगळ्यांना माहीत आहे. ऊस भरलेले दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, आणि बीडहून आलेल्या तोडकऱ्यांच्या बैलगाड्या. सायरन वाजवला म्हणून ते अंधारात दिसत नाहीत. ज्यानं या रस्त्यावर भरलेला ट्रक काढलाय तोच तिथं आधीपासून पाय काढून घेतो.

आता रुग्णवाहिकेचं दुसरं अंग. अक्काला वाटतं ही घरापाशी राहायची, इज्जतीची नोकरी. इज्जत आहे, नाकारत नाही. गावात लोक हात जोडतात. पण बहुतेक चालक कंत्राटी आहेत. करार किती दिवसांचा आणि पीएफ भरला जातो का, हे सही करायच्या आधी विचारा, लाजू नका. आणि मन. ट्रकमधला माल उतरवला की डोकं रिकामं व्हायचं. इथं तसं नाही. सोलापूर गाठायच्या आधी एक शाळकरी मुलगा गेला माझ्या गाडीत, विहिरीत पडलेला. त्याचा बाप शेजारच्या सीटवर बसून मला विचारत होता, "किती राहिलं भाऊ?" मला मागचं कळलं होतं आणि मी म्हणत होतो, पंधरा मिनिटं. नंतर गाडी धुतली, निर्जंतुक केली, पुढच्या कॉलला गेलो. जेवण महिनाभर गेलं नाही. कुणाशी बोलायचं हे त्या वेळी कळत नव्हतं. आता नव्या पोरांना मी पहिल्या अशा केसनंतर स्वतः फोन करतो.

आणखी एक गोष्ट, जी मी आजवर फक्त बायकोला सांगितलीय. २००९ च्या पावसाळ्यात येणेगूरच्या पुढं रात्री एकच्या सुमाराला रस्त्याच्या कडेला मोटारसायकल पडलेली दिसली. बाजूला माणूस होता. हात हलला होता. मी थांबलो नाही. ट्रकवाला म्हणून लोक मलाच धरतील, पोलीस गाडी अडकवतील, मालक काढून टाकेल, हे सगळं दोन सेकंदांत डोक्यात आलं आणि पाय ॲक्सिलरेटरवरच राहिला. तो माणूस जगला की नाही, मला माहीत नाही. रुग्णवाहिकेवर येण्यामागं ती रात्र आहे.

म्हणून ट्रकवर जाणाऱ्या प्रत्येक पोराला मी हात जोडून सांगतो. आता कायदा तुमच्या बाजूनं आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांसाठीचे नियम सक्तीचे केले आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. चांगल्या मनानं मदत करणाऱ्यावर गुन्हा लागत नाही, नाव सांगायचीही सक्ती नाही. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला पहिल्या ७ दिवसांसाठी दीड लाखापर्यंतच्या कॅशलेस उपचाराची योजनाही आहे. थांबा. १०८ लावा. मान हलवू नका, रक्त वाहत असेल तिथं स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. रात्री दोन वाजता हायवेवर सगळ्यात आधी पोहोचणारा माणूस ट्रकवालाच असतो, आम्ही नंतर येतो.

आमच्या भागाला हे नवं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी ११ वर्षांचा होतो. आदल्या दिवशीच गणपती बोळवले होते. सास्तूरकडून जखमींना घेऊन येणाऱ्या गाड्या मी रस्त्यावर उभा राहून पाहिल्या. ट्रक होते, टेम्पो होते, हौद्यात गोधड्या अंथरून माणसं झोपवलेली. मग उलट्या दिशेनं ब्लँकेट आणि भाकरी भरून ट्रक आले, कुठकुठून. एप्रिल २०२१ मध्ये कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेवर चढवून ऑक्सिजन आणायला विशाखापट्टणमला पाठवले, ते बातम्यांत पाहताना मी रुग्णवाहिकेत पीपीई घालून बसलो होतो. त्या टँकरवाल्यांची आठवण नंतर कुणी काढली नाही. मला मात्र तेव्हाही वाटलं, ही माझीच माणसं.

भाच्याला पुढचा रस्ताही सांगितला. हलक्या लायसनला वर्ष झालंय, वयही वीसच्या वर आहे, म्हणजे जड वाहनाचं काढता येतं. तीन वर्षं लाईनवर काढली की दारं उघडतात. महापालिकांच्या अग्निशमन दलात चालक-यंत्रचालक लागतात, तिथं जड वाहनाचा परवाना आणि अनुभव मागतात. बंब म्हणजे शेवटी पाण्यानं भरलेला ट्रकच, आणि पाणी डाळीसारखं गप्प बसत नाही, वळणावर हिंदकळतं. शिडी-होजचं काम आवडलं तर मुंबईत सांताक्रूझला राज्याच्या अग्निशमन अकादमीत ६ महिन्यांचा अग्निशामक कोर्स आहे, त्याची वयोमर्यादा मात्र आधी बघून ठेव म्हणालो. पोलीस चालकाची भरती आहेच, बारावी त्याची झालीय. आणि रुग्णवाहिकेवर यायचं तर मी आहे.

अक्का म्हणते, तीन वर्षांत पोरगं बिघडेल. लाईनवर दारू आहे, गुटखा आहे, झोप मारायच्या गोळ्या आहेत. सगळं खरं आहे, मी पाहिलंय. म्हणून त्याला कुणाच्याही गाडीवर पाठवत नाही. माझे उस्ताद आता गाडी चालवत नाहीत, पण त्यांच्या मुलाच्या बारा टायरवर दुसरा ड्रायव्हर हवाय. माणूस निर्व्यसनी आहे आणि रात्री बारानंतर गाडी उभी करतो. एवढं मी बघू शकतो, ते बघितलं.

सोमवारी लातूरहून डाळ भरून चेन्नईला निघणार आहेत. अक्का अजून बोलत नाही. काल मात्र तिच्याकडं गेलो तर उखळात शेंगदाण्याची चटणी कुटत होती. माझ्याकडं न बघताच विचारलं, "गाडीत किती दिवस टिकती?"

मी म्हटलं, दहा दिवस. तिनं अजून दोन मुठी शेंगदाणे उखळात टाकले.